आप्पांच्या नावाचा तक्ता

८ नोव्हेंबर १९८७, रविवार

सकाळी आप्पांना आंघोळ घातली, मग मी पुन्हा आंघोळ केली, मग देवपूजा. आधी असे नव्हते. जूनमध्ये ते आले तेव्हा त्यांचे आवरून मी तसाच पूजेला बसत असे. आता त्यांचे शौचाचे भांडे धुतल्यावर अंगावर दुसऱ्यांदा पाणी घेतल्याशिवाय देवाला हात लावावासा वाटत नाही. आप्पांच्या ते लक्षात आले असावे. आज म्हणाले, "गुरू, दोनदा पाणी तापवतोस. बिल येईल."

मे महिन्यात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा गावी सरोजचे, म्हणजे श्रीरामच्या बायकोचे, ऑपरेशन झालेले होते, म्हणून दोन महिन्यांसाठी म्हणून मी त्यांना चंदीगडला आणले. दोनाचे सहा झाले. सरोज केव्हाच बरी झाली. श्रीराम माझा धाकटा भाऊ, गावच्या दूध केंद्रावर नोकरी करतो. तो काही विचारत नाही आणि मी काही लिहीत नाही.

शैलजा सव्वासातला शाळेत शिकवायला जाते, अडीचला येते. लेकीचे, चित्राचे, कॉलेज, माझे ऑफिस. नऊपासून अडीचपर्यंत आप्पा एकटे. मंगळवारी शैलजा परतली तेव्हा ते जमिनीवर होते. म्हणाले, "जरा खाली बसलो होतो." कोपर सोलले होते. आज जेवताना शैलजा म्हणाली, "अहो, मी वाईट नाही. पण मला आता होत नाही. काहीतरी ठरवा."

मी सरकारी संस्थेच्या खरेदी विभागात बावीस वर्षे आहे. तिथे ठरवण्याची एकच पद्धत आहे: तीन ठिकाणचे दर मागवायचे, तक्ता करायचा, कमीत कमी दराला मंजुरी द्यायची. त्यात कुणाचा रागलोभ येत नाही. तसेच करावे असे ठरवले आणि बरे वाटले. बरे वाटले याचेच संध्याकाळी पोथी वाचताना वाईट वाटत होते.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

बावीस सेक्टरमध्ये रुग्णांसाठी माणसे पुरवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे गेलो. रजिस्टर उघडून पहिला प्रश्न, "वज़न कितना है पिताजी का?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, "उठाना पड़ेगा ना जी. पचास किलो तक तीस रुपये रोज. ऊपर हो तो पैंतीस. और आदमी पाँच बजे निकल जायेगा, पक्का. अँधेरा होने के बाद बस नहीं चलती, हालात आप देख ही रहे हो."

ऑफिसच्या प्रयोगशाळेतला वजनकाटा मागून आणला. आप्पांना धरून त्यावर उभे केले. "हे कशाला रे?" म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय," म्हटले. डॉक्टरांनी काहीही सांगितले नव्हते. काटा बावन्नावर गेला. मी बाईंना अठ्ठेचाळीस सांगणार आहे.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याच्या एका वृद्धाश्रमाचे उत्तर आले. अनामत पंधरा हजार, दरमहा साडेपाचशे, गादी आणि ताटवाटी आपली. पुढे छापील अट: प्रवेश घेणारी व्यक्ती स्वतःचे सर्व विधी स्वतः करू शकणारी असावी. नसल्यास मदतनिसाचे अडीचशे वेगळे.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर मागवले होते. घरी आणले नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

थंडी चांगली सुरू झाली. क्वार्टर्समधली म्हातारी माणसे दहा वाजता समोरच्या हिरवळीवर उन्हात येतात. आप्पांची खुर्ची शेजारच्या दारजींच्या खाटेजवळ ठेवतो. दारजी म्हणजे हरजीतसिंगचे वडील, ऐंशीच्या पुढचे. ते पंजाबीत फाळणीआधीच्या लायलपूरच्या कालव्याबद्दल सांगतात, आप्पा मराठीत शाळेच्या गळक्या छपराबद्दल सांगतात. एकाला दुसऱ्याचे काही कळत नाही आणि दोघेही मान डोलावतात. मध्ये शेंगांचा ढीग. दारजी शेंगा फोडतात, कारण आप्पांना एका हाताने जमत नाही.

चित्रा म्हणते, "बाबा, ये दोनों बोर भी नहीं होते."

आप्पा डाव्या हाताने लिहायला शिकत आहेत. ऑफिसातले रद्द झालेले, पाठकोरे फॉर्म मी त्यांच्यासाठी आणतो. चित्राने तिची जुनी लाल-निळी पेन्सिल दिली आहे. एकतीस वर्षे ज्या माणसाने अख्ख्या गावाला मुळाक्षरे गिरवायला लावली, तो आता स्वतः 'ग' गिरवतो आहे. 'ग'च का, ते विचारले नाही.

हरजीतला सहज विचारल्यासारखे करून विचारले, "दारजी का महीने का खर्चा कितना होता होगा?"

"किस चीज़ का?"

"दवाई, दूध, सब मिलाकर."

तो माझ्याकडे पाहत राहिला आणि एकदम मोठ्याने हसला. "दारजी! मास्टरजी दा मुंडा पुछदा ए, तुहाडा महीने दा रेट की ए?"

मास्टरजींच्या या मुलाला सांग म्हणून दारजींनी निरोप दिला, "आख, बहुत महँगा माल ए, उधार नहीं मिलदा!"

सगळे हसले. मीही हसलो. आप्पासुद्धा हसले. 'रेट' एवढा शब्द त्यांना कळला असणार, कारण हसून झाल्यावर ते बराच वेळ शेंगांच्या टरफलांकडे पाहत होते.

२९ नोव्हेंबर, रविवार

तक्ता केला. ऑफिसच्याच फॉर्मवर, पट्टीने रेघा मारून. तीन रकाने.

चंदीगड: माणूस रोज तीस, तीस दिवसांचे नऊशे. घरखर्चातला वाटा अडीचशे. दूध नव्वद. औषधे एकशेवीस. एकूण तेराशे साठ.

वृद्धाश्रम: साडेपाचशे, अडीचशे, औषधे एकशेवीस. एकूण नऊशे वीस, शिवाय अनामत.

गाव: श्रीरामला मनीऑर्डर पाचशे. औषधे एकशेवीस. डॉक्टरच्या फेऱ्या साठ. एकूण सहाशे ऐंशी.

गाव निम्म्यात. आकडे पाहून मोकळे वाटले. माणूस, हवा, भाषा, सगळे आप्पांना गावीच सोयीचे आहे असेही मनाशी म्हणालो. शैलजाला दाखवला. तिने वाचून परत दिला. म्हणाली, "वरती काय लिहिलंयत ते पाहिलंत?"

फॉर्मवर 'मालाचे वर्णन' अशी ओळ छापलेली असते. सवयीने मी तिच्यापुढे आप्पांचे नाव लिहिले होते.

६ डिसेंबर, रविवार

श्रीरामला काय लिहावे यात आठवडा गेला. मी मोठा, मला पगार साडेतीन हजार. त्याला माझ्या निम्म्यापेक्षा कमी. आप्पा आम्हाला जड झाले, तू घेऊन जा, असे लिहायला हात धजेना. पाठवणारा मी आहे असे दिसू नये, असे पत्र हवे होते.

शेवटी पंजाबातल्या दहशतीचे, इथल्या परिस्थितीचे लिहिले. ती काही खोटी नाही. चौकाचौकात वाळूची पोती आहेत, स्कूटरवर मागे बसलेल्याला उतरवून तपासतात, बातम्या ऐकवत नाहीत. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण तेवढ्याने श्रीराम नेईलच असे वाटेना. म्हणून पुढे लिहिले की गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतच गोळीबार झाला, आप्पा रात्र रात्र जागे असतात, दचकून उठतात, त्यांच्या जिवाला इथे धोका आहे असे मला वाटते.

आमच्या गल्लीत काही झालेले नाही. आप्पा नऊला झोपतात ते पाचला उठतात.

पत्र पेटीत टाकून आलो. रोज संध्याकाळी आप्पांच्या पलंगाजवळ बसून मी पोथीचा अध्याय वाचतो आणि ते ऐकतात. आज पोथी चौरंगावरून उचलली नाही.

१० डिसेंबर, गुरुवार

पूजा करतो, पण नुसती हाताने. पोथी नाही. स्वतःच्या तोंडाने ते शब्द मोठ्याने वाचायचे आणि समोर आप्पा मिटल्या डोळ्यांनी ऐकत असायचे, हे आता जमणार नाही.

तक्ता कुठे ठेवला तो सापडत नाही. आकडे पाठ आहेत म्हणून फार शोधला नाही.

१५ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस झाले, आप्पा संध्याकाळी विचारतात, "आज पोथी नाही?" ऑफिसात काम फार आहे असे सांगतो. आज म्हणाले, "एकच ओवी वाच. उघड तर खरी." मी चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा खिशात होता.

१७ डिसेंबर, गुरुवार

श्रीरामची तार. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर, पोस्टमनने दोनदा वाचायचा प्रयत्न करून दिली. "आज निघतो. मी येईपर्यंत कोणी बाहेर पडू नका."

तो येईल असे मला वाटलेच नव्हते. तो लिहील, मी सोबत शोधून आप्पांना पाठवीन, असे धरले होते. श्रीराम आजवर पुण्याच्या पुढे गेलेला नाही.

२० डिसेंबर, रविवार

श्रीराम आला.

जम्मूच्या गाडीने अंबाल्यापर्यंत आणि पुढे बसने. वाटेत नाक्यावर बस थांबवून सगळ्यांना हात वर करून उभे केले. त्याच्या पिशवीत ज्वारीचे पीठ होते, ते काय आहे हे त्याला हिंदीत सांगता येईना. जवानाने हात घालून पाहिले. ते सांगताना तो हसत होता.

"दादा, दोन दिवस डोळा लागला नाही बघ. प्रत्येक स्टेशनवर वाटायचं, उतरून फोन करावा. पण करणार कुणाला?" मग खिशातून कापडी पाकीट काढले. "सोसायटीतनं उचल घेतलीय. पाच तिकिटं होतील. वरची खोली सरोजनं सारवून ठेवलीय. वहिनी, तुम्ही शाळेत सरळ रजा टाका. निवळेपर्यंत सगळेच चला. आप्पांना तेवढं काढायचं आणि तुम्हाला इथं ठेवायचं, हे मला जमणार नाही."

शैलजा उठून स्वयंपाकघरात गेली. तिला पत्राचे माहीत नव्हते. आता झाले.

"गोळीबार नेमका कुठं झाला? ज्यानं आप्पांची झोप गेली तो?" श्रीरामने विचारले.

चित्रा म्हणाली, "कौन सा गोलीबार, काका? यहाँ तो कुछ नहीं हुआ."

श्रीरामने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. बाहेर हिरवळीवर दारजींची खाट होती, शेजारी आप्पांची रिकामी खुर्ची, तिच्यावर शेंगांचा कागद.

तेव्हा पलंगावरून आप्पा बोलले. "झाला होता. पलीकडच्या बाजूला. चित्राला सांगितलं नव्हतं, पोर घाबरेल म्हणून. मलाच झोप लागत नव्हती. गुरूनं लिहिलं ते बरोबर आहे."

माझ्या आठवणीत आप्पा कधी खोटे बोललेले नाहीत. शाळा तपासायला साहेब आले तेव्हा पटावरची मुले जास्त सांगा म्हणून सरपंच मागे लागले होते, तरी त्यांनी चौदा होती ती चौदाच सांगितली.

"हे सगळे राहू देत," ते श्रीरामला म्हणाले. "यांच्या नोकऱ्या आहेत. मी येतो तुझ्याबरोबर."

२२ डिसेंबर, मंगळवार

तिकिटे काढली. दोनच.

शैलजा दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आज एकदाच बोलली. "मी 'ठरवा' म्हटलं होतं. 'रचा' नव्हतं म्हटलं."

श्रीराम आप्पांचे सगळे करतो आहे. आंघोळ घालून त्याच ओल्या हातांनी तो देवाला नमस्कार करतो. त्याला काही वाटत नाही. त्याला सांगून टाकावे असे दिवसातून दहा वेळा मनात येते. मग वाटते, आता सांगून काय, सगळे ठरले आहे. निघताना त्याला राग घेऊन कशाला पाठवू. असे म्हणतो खरा, पण मी कुणाला वाचवतो आहे ते मला कळू नये इतका मी भोळा नाही.

२४ डिसेंबर, गुरुवार

आप्पा गेले.

हरजीतने अंबाल्यापर्यंत स्वतःची गाडी काढली. म्हणाला, "मेरी पगड़ी देखकर तलाशी ज़्यादा होगी भाईसाहब, घंटा भर पहले निकलेंगे." खरेच तीन ठिकाणी उतरवले. प्रत्येक वेळी हात वर करून उभा राहिला, प्रत्येक वेळी परत बसताना आप्पांना म्हणाला, "सॉरी मास्टरजी, ठंड लग गयी होगी." मी त्याच्या शेजारी बसलो होतो. माझी पिशवीसुद्धा कुणी उघडली नाही. ज्या परिस्थितीचे मी पत्र केले, ती तो रोज अशी भोगतो, हे मला तिसऱ्या नाक्यावर कळले.

निघताना दारजी काठी टेकत आले होते. स्वतःचा मफलर आप्पांच्या गळ्यात घातला आणि पंजाबीत बरेच काही बोलले. आप्पा मराठीत म्हणाले, "हो, हो. शेंगा एकट्यानं खाऊ नका."

फलाटावर श्रीराम पाणी आणायला गेला तेव्हा आप्पा आणि मी दोघेच होतो. सांगायचे तर तीच वेळ होती. मी त्यांच्या पायांवरची शाल दोनदा नीट केली. त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले. "पोथी सोडू नकोस," म्हणाले. "जिथं थांबलास तिथूनच उघड."

गाडी सुटली तेव्हा श्रीराम दारातून ओरडला, "दादा, जपून राहा!"

२७ डिसेंबर, रविवार

आज एकदाच आंघोळ केली. पूजेनंतर पोथी उघडली. खुणेच्या जागी, ६ तारखेला जो अध्याय वाचायचा होता तिथे, घडी घातलेला फॉर्म होता.

माझा तक्ता. मी आणलेल्या पाठकोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात तो गेला असणार आणि चित्राने गठ्ठा उचलून त्यांना गिरवायला दिला असणार. तो आप्पांनी तपासला होता. लाल पेन्सिलीने, डाव्या हाताने, वाकड्या मोठ्या आकड्यांत. खाली तारीख होती १३ डिसेंबर.

चंदीगडच्या रकान्यात तीस दिवस खोडून सव्वीस केले होते: "रविवारी गुरू घरी असतो." नऊशेचे सातशे ऐंशी. दूध खोडले होते: "घरखर्चात आधीच धरले आहे. दोनदा नको." एकूण अकराशे पन्नास.

गावच्या रकान्यात दोन ओळी वाढवल्या होत्या. पहिली: "सरोजचे शिवणकाम बुडेल, ३००." ती दिवसभर मशीनवर बसते, हे मला माहीत होते. तिच्या वेळेला किंमत आहे, हे माझ्या मनातसुद्धा आले नव्हते.

दुसरी: "गुरू व मंडळी भेटीस येतील, वर्षातून दोनदा. सालाचे २४००. दरमहा २००."

हा आकडा मी धरला नव्हता. विसरलो नव्हतो. वृद्धाश्रमाच्या रकान्यातही नव्हता, गावच्याही नव्हता. आप्पांना एकदा पोचवले की तिकडे जायचे आहे, असे मी कुठेच धरलेले नव्हते.

गावची बेरीज अकराशे ऐंशी. चंदीगड तीस रुपयांनी कमी. वृद्धाश्रमाच्या रकान्याला त्यांनी हात लावला नव्हता, नुसती एक तिरकी रेघ.

'मालाचे वर्णन' पुढचे स्वतःचे नाव तसेच ठेवले होते. फक्त पहिली वेलांटी मी ऱ्हस्व काढली होती, ती दीर्घ करून दिली होती.

आणि तळाशी, शेऱ्याच्या जागी: "विद्यार्थ्याने उत्तर आधी पाहिले, मग गणित केले."

हा शेरा मी ओळखतो. आमच्या अंकगणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरे असत. काही मुले ती पाहून उलट्या पायऱ्या रचत. आप्पांना ते पाटीवर नजर टाकताच कळे.

दोन आठवडे हा कागद चौरंगावर होता, त्यांच्या पलंगापासून हातभर. मी पोथी उघडावी म्हणून ते रोज विचारत होते. सगळे वाचून, सगळे जाणून, श्रीरामपुढे त्यांनी माझ्यासाठी ते एक खोटे उच्चारले.

शैलजाला कागद दाखवला. तिने तो वाचला आणि पदराने डोळे पुसले. मग माझ्याशी बोलली. "दुपारची शिफ्ट मागून बघते. सकाळी मी घरी, दुपारी माणूस. म्हणजे माणूस अर्धाच दिवस लागेल." थोड्या वेळाने म्हणाली, "हे आधी मलाही सुचायला हवं होतं."

२९ डिसेंबर, मंगळवार

श्रीरामला पत्र लिहिले. गोळीबार झाला नव्हता, आप्पा जागत नव्हते, मी खोटे लिहिले आणि आप्पांनी ते झाकले. कारणही लिहिले. सोसायटीची उचल मी फेडीन हेही लिहिले होते, पण वाचताना ते दंड भरून सुटल्यासारखे वाटले. म्हणून त्या ओळीच्या आधी आणखी एक ओळ घातली: सरोजने आमच्यासाठी सारवलेली खोली आठवली की मला लाज वाटते.

पत्र टाकले. आप्पांना वेगळे लिहिले नाही.

३१ डिसेंबर, गुरुवार

शनिवारचे तिकीट मिळाले. दहा दिवसांची रजा. आप्पा परत येतील की नाही, ते मी ठरवणार नाही. सरोजला विचारीन, त्यांना विचारीन. दारजी रोज खुर्चीकडे पाहून आप्पा कधी येणार ते विचारतात, "मास्टरजी कदों?" त्यांना म्हटले, पूछने जा रहा हूँ.

उत्तर पाहून गणित करणाऱ्या मुलाला आप्पा मारत नसत. संध्याकाळी पाटी घेऊन त्यांच्या घरी जायचे आणि ते गणित त्यांच्यासमोर पुन्हा करायचे, एवढीच शिक्षा. मला घर तेच होते, पण सूट नव्हती. त्या दिवशी मलाही पायरीखाली पाटी धरून उभे राहावे लागे आणि गुरुजी म्हणून हाक मारावी लागे. आई आतून म्हणे, "अहो, आपलाच आहे तो." आप्पा म्हणत, "त्याला विचारू दे."

कोरा फॉर्म, पट्टी आणि चित्राची लाल-निळी पेन्सिल पिशवीत ठेवली आहे. सोमवारी संध्याकाळी पोचेन. पायरीखाली उभा राहीन आणि विचारीन, गुरुजी, आत येऊ का?